आधी दोन लिटर दूध उचला: पक्ष्यांसाठी हलकी लेन्स घेताना

भाचा रविवारी सकाळी शॉपवर आला आणि म्हणाला, "मामा, पक्ष्यांसाठी लेन्स घ्यायची आहे. सहाशे एमएमचीच घेऊ का सरळ?" मी त्याला इथं कोल्हापुरातल्या गंगावेशीत पाठवला. म्हटलं, कट्ट्यावरून दोन लिटर दूध घे, किटली हातात धरून रंकाळ्यावर संध्यामठापर्यंत चालत जा, आणि तिथं ती किटली दोन्ही हातांनी नाकासमोर धरून एक मिनिट उभा राहा. हलायचं नाही. हसला, पण गेला. परत आला तेव्हा सहाशेचं नाव काढलं नाही. दुधाची बहिणीनं बासुंदी केली, त्यातली वाटीभर मला पोचली.

चेष्टा बाजूला ठेवू. दोन लिटर दूध म्हणजे दोन किलोच्या किंचित वर, आणि बाजारातल्या बहुतेक १५०-६०० (म्हणजे १५० ते ६०० एमएम झूम होणाऱ्या; एमएम जितके जास्त तितका पक्षी मोठा दिसतो) लेन्स त्याच वजनाच्या. सिग्माची कंटेम्पररी १९३० ग्रॅम, टॅमरॉनची जी२ २०१० ग्रॅम, सोनीची २००-६०० थेट २११५. यात कॅमेरा धरलेलाच नाही. कागदावर वाचताना '२०१० ग्रॅम' हा आकडा निरुपद्रवी दिसतो. खंड्या फांदीवरून कधी सूर मारतोय याची वाट बघत दहा मिनिटं ते डोळ्याला लावून बसलं की त्याचा अर्थ मनगटाला कळतो.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, फौंड्रीतून आलेली कास्टिंग्ज मशीनिंग करून द्यायची. तीन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला. शर्ट घालताना बायकोला हाक मारावी लागायची. तेव्हा माझ्याकडं निकॉनची २००-५०० होती, एफ ५.६. लेन्स उत्तम, तक्रार काहीच नाही. पण कॉलरसकट (ट्रायपॉडवर बसवायची लेन्सवरची रिंग) २३०० ग्रॅम, आणि मागं डी५०० बॉडी ८६० ग्रॅम. सगळं मिळून तीन किलोच्या वर. सहा महिने ती कपाटातच होती. एके दिवशी विकून टाकली आणि निकॉनचीच ३०० एमएम एफ ४ पीएफ जुनी घेतली. ती ७५५ ग्रॅम. सोबत १.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसून एमएम १.४ पट करणारा तुकडा, १९० ग्रॅम. आता कॅमेऱ्यासकट सगळं १८०५ ग्रॅम, आणि हातात ४२० एमएम एफ ५.६. पाचशेवरून चारशे वीसवर आलो. ऐंशी एमएम गेले, तेराशे पंचावन्न ग्रॅम गेले. सौदा मला परवडला.

पण विकताना एक गोष्ट डोक्यात आली ती लेथमुळं. लेथवर बोरिंग बार, म्हणजे भोक मोठं करायचा दांडा, जितका जास्त बाहेर काढाल तितका तो थरथरतो. चॅटर येतो, जॉबवर लाटा उमटतात. बार तोच, ताकद तीच, फक्त ओव्हरहँग वाढला. लेन्सचंही अगदी तसंच. वजन किती यापेक्षा ते वजन कुठं बसलंय हे बघा. झूम करताना नळी पुढं येणाऱ्या लेन्समध्ये पुढची जड काच तुमच्या डाव्या हातापासून आणखी लांब जाते, म्हणजे नेमकं सगळ्यात जास्त झूमवर, जिथं थरथर सगळ्यात जास्त दिसते, तिथंच तोल पुढं झुकतो. निकॉनची झेड १८०-६०० किंवा सोनीची २००-६०० आतल्या आत झूम होते, लांबी बदलत नाही. म्हणून दोन किलोची असूनही ती हातात बरी वाटते. उलट एखादी दीड किलोची पुढं लांबणारी लेन्स जास्त छळते. दुकानात गेलात की वजनाचा आकडा विचारू नका, तो घरीच वाचता येतो. लेन्स कॅमेऱ्याला लावा, पूर्ण झूम करा, डावा हात खाली धरा, उजवा हात क्षणभर सैल सोडा. तोंड जमिनीकडं गेलं तर समजून घ्या.

लेन्स जड का होते, हेही एकदा समजून घेतलं की निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते. एफ नंबर म्हणजे साधा भागाकार. ६०० एमएम एफ ४ म्हणजे ६०० भागिले ४, प्रकाश आत यायचं भोक १५० एमएमचं. पुढची काच किमान तेवढी हवीच. ६०० एमएम एफ ६.३ केली की तेच ९५ एमएमवर येतं. ४०० एमएम एफ ५.६ ला जेमतेम ७१. आता गोल बार तोलून विकत घेणाऱ्याला हे सांगायला नको: व्यास दीडपट झाला की वजन दीडपट होत नाही, जाडीही वाढते, ते तिपटीच्या आसपास जातं. म्हणून एफ ४ वाल्या मोठ्या सहाशे लेन्स आजही तीन किलोच्या आहेत आणि किंमत दहा लाखांच्या पुढं. तीन किलो हेसुद्धा हलकं म्हणायचं. कॅननची १९९९ ची सहाशे ५३६० ग्रॅमची होती, २०१८ ची तिसरी आवृत्ती ३०५० वर आली. त्यात काचा पुढून उचलून मागं सरकवल्या, म्हणजे वजन तर गेलंच, ओव्हरहँगही गेला.

आपल्या खिशात बसणारा हलकेपणा तीन वाटांनी येतो. एक, भोक लहान करणं, म्हणजे एफ ६.३, ८, अगदी ११. दोन, फोकल लेंग्थ, म्हणजे एमएम, कमी घेणं आणि क्रॉप म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर भागवणं, त्यात पक्षी फ्रेममध्ये मोठा दिसतो. तीन, निकॉनची पीएफ आणि कॅननची डीओ पद्धत, ज्यात एक खास रिंगा कोरलेली काच दोन-तीन काचांचं काम करते आणि लेन्स आखूड होते. फुकट यातलं काहीच नाही. पीएफला सूर्य फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या अगदी जवळ आला की रंगीत कड्यांसारखा फ्लेअर येतो. रंकाळ्यावर सूर्यास्ताला पाणकावळ्याची सावली टिपताना माझे बरेच फोटो त्यात गेले. आता त्या वेळी मी चहा पितो.

"पण मामा, चारशेत पक्षी एवढासा येतो." येतो. तर मोजूया. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १६ सेंटीमीटर. दहा मीटरवर बसलाय. ४०० एमएम लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते ६.४ एमएमची. क्रॉप सेन्सरची उंची साधारण १५ एमएम, म्हणजे फ्रेमच्या निम्म्याला थोडा कमी. उत्तम फोटो. सहाशेनं तोच ९.६ एमएम. आता खंड्या वीस मीटरवर गेला तर चारशेत ३.२ आणि सहाशेत ४.८. लक्षात आलं का? वीस मीटरवरून सहाशेनं काढलेल्यापेक्षा दहा मीटरवरून चारशेनं काढलेला मोठा येतो. ते दहा मीटर हलक्या लेन्सवाला हळूहळू, बसत-सरकत जाऊ शकतो. जडवाला ट्रायपॉड उघडत बसतो, तोवर खंड्या पलीकडच्या काठावर. अर्थात प्रत्येक पक्षी जवळ येऊ देत नाही आणि घरट्याजवळ तर आपण जायचंच नाही. लांबीला किंमत आहे, नाही असं नाही. पण तीनशेवरून चारशेवर उडी मारायला लोक लाखभर घालतात आणि पन्नास पावलं सावकाश चालायला तयार नसतात.

आता तुम्ही फिरता कुठं, यावर सगळं येऊन थांबतं. कोल्हापूरकराचं एक बरं आहे, दोन-अडीच तासांच्या आत तीन प्रकारचा उजेड मिळतो.

रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव: उघडं पाणी, भरपूर प्रकाश. वारकरी पक्षी, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, हिवाळ्यात पाहुणी बदकं. सकाळी आठच्या उन्हात एफ ८ ची लेन्सही १/२००० शटर आरामात देते, म्हणजे उडणारा बगळासुद्धा जमतो. इथं अंतर जास्त असतं, तेव्हा लांबी हवी, भोक मोठं नसलं तरी चालतं. कॅननच्या ६०० आणि ८०० एमएम एफ ११ या लेन्सवर लोक नाकं मुरडतात, पण सहाशेची ९३० ग्रॅमची आहे आणि कळंब्याच्या काठावर जानेवारीत ती झकास काम करते. मात्र ती साडेचार मीटरच्या आत फोकस करत नाही. अंगणातल्या जास्वंदीवरचा शिंजीर तिला दिसतच नाही. शिवाय आर५, आर६ सारख्या कॅमेऱ्यांवर फोकसची जागा फ्रेमच्या मधल्या भागापुरतीच राहते, पक्षी कोपऱ्यात गेला की सुटला. आणि पन्हाळ्याकडच्या मसाई पठारावर लांब लेन्स घेऊन जाणार असाल तर पहाटे जा. दहानंतर कातळ तापतो, हवा पाण्यासारखी हलते आणि चंडोलाची पिसं मेणासारखी वितळलेली येतात. तो दोष लेन्सचा नसतो, महागडी घेऊनही तो जात नाही.

राधानगरी-दाजीपूरचं जंगल वेगळं. तिथं भर दुपारी झाडाखाली संध्याकाळ असते. समजा फांदीवर कर्णा (मलबार ट्रोगन) बसलाय, आणि एफ ६.३ वर १/२५० शटरला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० येतोय. तोच एफ ११ वर नेला की प्रकाश तिपटीनं कमी, आयएसओ जवळजवळ २०,००० लागतो. फोटोत दाणे इतके की कर्ण्याचा लाल रंग आणि मागचं पान एकाच पोत्यातले वाटतात. जंगलात जास्त जाणाऱ्यानं एफ ५.६ किंवा ६.३ पेक्षा मोठ्या आकड्याकडं जाऊ नये असं माझं मत. उलट दाजीपुरात लांबीच अंगाशी येते. गवा आडवा उभा राहिला की सुमारे तीन मीटरचं धूड. तीस मीटरवर तो तीनशे एमएममध्ये क्रॉप कॅमेऱ्यावर मावत नाही, शिंगं येतात नाहीतर शेपूट. माझी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, असल्यामुळं माझ्याकडं गव्याचे डोळे, कान, खूर असे सुटे भाग भरपूर आहेत, सबंध गवा एकच, तोही लांब गेल्यावर. शेकरू आणि गवा दोन्ही हवेत तर झूमच घ्या.

आता नावं घेऊनच सांगतो, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. अगदी सुरुवात असेल आणि हातात किटवाला कॅमेरा असेल तर निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर (४१५ ग्रॅम) किंवा कॅननची ५५-२५० एसटीएम (३७५ ग्रॅम) घ्या, एक हिवाळा काढा. पक्षी शोधायला, थांबायला, उजेड बघायला त्यावरच शिकता येतं. तिथून पुढं, कॅननचा आर कॅमेरा असेल तर आरएफ १००-४००. ६३५ ग्रॅम, शिवाय पाऊण-एक मीटरवर फोकस करते म्हणजे पावसाळ्यात चतुर आणि फुलपाखरंही होतात. ४०० ला ती एफ ८ आहे, जंगलात अडते, हे धरून चाला. जुना कॅनन डीएसएलआर असेल तर १९९३ सालची ४०० एफ ५.६ एल जुन्यात शोधा. १२५० ग्रॅम, स्टॅबिलायझर नाही, पण उडत्या पक्ष्याला तिचा फोकस अजून झपकन लागतो. निकॉन किंवा कॅनन डीएसएलआरवर झूमच हवी तर सिग्माची १००-४००, ११६० ग्रॅम. मी दाजीपूरला मित्राची वापरली, बजेटमध्ये हिच्याइतकी सांभाळून घेणारी मला दिसली नाही. निकॉनच्या मिररलेसवाल्याकडं पैसे असतील तर झेड ४०० एफ ४.५ (कॉलरशिवाय ११६० ग्रॅम) किंवा ६०० एफ ६.३ पीएफ (तीही कॉलरशिवाय १३९० ग्रॅम). ही दुसरी बघून मला रात्री झोप लागली नव्हती, पण तेवढ्या पैशात माझं एक सेकंडहँड लेथ येतं. मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे क्रॉपहूनही लहान सेन्सरच्या कॅमेरेवाल्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांचं ३०० एमएम मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यावरच्या ६०० एवढा कोन दाखवतं, सगळं किट एका खांद्याच्या पिशवीत. अंधारात मात्र त्यांनाही आपल्यासारखंच झगडावं लागतं, थोडं जास्तच.

स्टॅबिलायझरबद्दल एकच वाक्य. आयएस, व्हीआर, ओएस, व्हीसी ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत, ती तुमचा हात स्थिर करते, पक्षी नाही.

जुनी लेन्स घेणार असाल तर इथं नीट वाचा, कारण मी इथंच फसलोय. पीएफच्या आधी एक लेन्स मी फोटो बघून दुसऱ्या शहरातून मागवली होती. फोटोत काच आरशासारखी. हातात आली, मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं.

म्हणून लेन्स समोरासमोरच बघा, दिवसा. टॉर्च मागून तिरपा, डोळा पुढून. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, फोटोत ते कधी दिसत नाहीत. मुळांसारखी फुटलेली नक्षी दिसली की उठून या. दुधासारखी धूसर छटा असेल तरी उठून या. मग माउंटचे स्क्रू बघा. हे मी सगळ्यात आधी बघतो, धंद्याची सवय. स्क्रूच्या खाचा चघळलेल्या असतील तर कुणीतरी ती उघडली आहे, आणि योग्य पेचकसनं उघडलेली नाही. बसवून हलक्या हातानं डावी-उजवी फिरवा. कॅमेरा आणि लेन्समध्ये केसभर खेळ चालतो, टकटक आवाज आला तर नको. झूम रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जोरानं फिरायला हवी, मध्ये अडकली तर आत आपटलेली आहे. तोंड खाली करून धरा, नळी आपोआप घसरली तर किंमत खाली आणा, ते दुखणं बहुतेक जुन्या झूमना असतं.

मग फोटो काढा. भिंतीवर कॅलेंडर असेलच. त्याच्या समोर सरळ उभं राहून, सगळ्यात मोठ्या झूमवर, सगळ्यात लहान एफ नंबरवर दहा फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस लांब घालवून परत आणा. दहापैकी आठ-नऊ फोटोंत अंक स्वच्छ हवेत. फ्रेमच्या डाव्या कडेचे वार स्पष्ट आणि उजव्या कडेचे धुरकट आले तर आतली काच तिरकी बसली आहे. एफ ८ वर काढून दाखवतो म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा की मला पूर्ण उघड्या भोकावरचाच फोटो हवा, कारण वापरणार तिथंच आहे. शटर बटण अर्धं दाबून कान लावा, स्टॅबिलायझरची बारीक गुणगुण ठीक, खरखर नको. नवी घेणार असाल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी विचारा. बिल नसलेली स्वस्त लेन्स कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं हातात घेतली नाही तर भांडायला कुणी नसतं.

घेतल्यावर कोल्हापुरात तिचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. इथल्या पावसात चपलांना बुरशी येते, काचेची काय कथा. माझी पहिली ७०-३०० मी चामड्याच्या डब्यात घालून लोखंडी कपाटात रजयांमध्ये ठेवली होती, जपून म्हणून. गणपतीत काढली तर पुढच्या काचेच्या आत फुलं उमटलेली. तो दोष सर्वस्वी माझा. आता किराणा दुकानात मिळतो तसा रबराच्या कडेचा हवाबंद प्लास्टिक डबा, आत पावशेर सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरायचं, त्यासाठी एक जुना तवा शॉपवरच ठेवलाय. स्वयंपाकघरातला वापरू नका. रंगीत जेल अन्नाच्या भांड्याला चांगलं नाही, आणि घरातून जे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. पावसाळ्यातही महिन्यातून दोन-तीनदा लेन्स बाहेर काढून उजेडात वापरा.

पट्टा कॅमेऱ्याच्या कानांना न लावता लेन्सच्या कॉलरला लावा, लेन्सला कॉलर असेल तर. सगळं वजन माउंटच्या चार स्क्रूंवर लोंबकळत ठेवायचं कारण नाही. हलक्या लेन्सला ट्रायपॉड लागत नाही. जीपच्या दांड्यावर टेकवायला एक धान्याची पिशवी पुरते. मी बायकोकडून जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून घेतली आणि तीन किलो जोंधळा भरला. दोन वर्षं छान चालली. गेल्या डिसेंबरात दाजीपूरला वळणावर जीप थांबली, समोर गवा, मी पिशवी दांड्यावर ठेवली, लेन्स टेकवली, आणि शिवणीतून सोंडकिडे रांगेनं बाहेर पडून लेन्सच्या हूडवर चढायला लागले. भाचा मागून कुजबुजला, "मामा, आधी हे काढा फोटोत, हे जवळ आहेत."